हाँगकाँगची ऑफर घेण्याआधी

थंडी पडायला लागली की कुणा ना कुणा चिनी मैत्रिणीच्या धाकट्या भावाचा किंवा चुलतबहिणीचा मला फोन येतो. मूल टोरंटोत, सिडनीत नाहीतर मँचेस्टरमध्ये वाढलेलं, पदवीचं शेवटचं वर्ष, आणि हातात हाँगकाँग किंवा सिंगापूरच्या कंपनीची मॅनेजमेंट ट्रेनीची ऑफर. प्रश्न एकच असतो: जाऊ का? मी नको म्हणत नाही, पण तासभर बोलल्याशिवाय होही म्हणत नाही. त्या तासाभरात जे सांगते ते इथे लिहिते आहे. परदेशातल्या मराठी घरांतल्या मुलांचे जवळचे मित्र अनेकदा हीच मुलं असतात, आणि आपल्याही मुलांपैकी काहींना उद्या पुण्या-बंगळुरूची ऑफर येणार आहे.

आम्ही मूळचे डोंबिवलीचे, पण मी वाढले टोरंटोच्या उत्तरेला मार्खममध्ये. हाँगकाँग चीनकडे सोपवण्याचा करार १९८४ मध्ये झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत हजारो कुटुंबं तिथून कॅनडात आली. त्यातली बरीच आमच्या भागात स्थिरावली. माझी शाळेपासूनची मैत्रीण अशाच घरातली; तिचे आईवडील कौलूनचे. २०१६ मध्ये पदवी घेऊन आम्ही दोघी हाँगकाँगमधल्या एकाच समूहात ट्रेनी म्हणून रुजू झालो. तुकडीत परदेशात वाढलेली आणखीही चिनी मुलं होती. हुशार, मेहनती, घरच्यांच्या गावी चाललो म्हणून आनंदात असलेली. कार्यक्रम संपायच्या आत त्यांतली बरीचशी परतली, आणि परतताना आपल्यातच काहीतरी कमी आहे अशी समजूत घेऊन गेली. ती समजूत मला अजून सलते, कारण ती खरी नव्हती.

मॅनेजमेंट ट्रेनी ही काय चीज आहे हे भारतातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. जे. आर. डी. टाटांनी १९५६ मध्ये टाटा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिस सुरू केली, तीही याच विचारातून: तरुण पदवीधर निवडायचे, त्यांना वेगवेगळ्या खात्यांतून फिरवायचं आणि उद्याचे व्यवस्थापक घडवायचे. हाँगकाँगमध्ये स्वायर आणि जार्डिन मॅथेसनसारखे जुने ब्रिटिश समूह, बँका, मेट्रो चालवणारी कंपनी, दुकानांच्या साखळ्या अशा अनेकांकडे या योजना आहेत. दीड ते तीन वर्षांचा काळ, जागा मोजक्या आणि अर्जांचा ढीग. निवड झाली की नातेवाईक पेढे वाटावेत तसे खूश होतात. म्हणूनच ऑफर आली की पुढचे प्रश्न विचारायचं कुणाला सुचत नाही.

यातला पहिला आणि सगळ्यांत मोठा प्रश्न भाषेचा. हाँगकाँगचं सरकारी धोरणच लिहिण्याच्या दोन आणि बोलण्याच्या तीन भाषांचं आहे: लेखी चिनी आणि इंग्रजी, बोलायला कँटोनीज, मँडरिन आणि इंग्रजी. माझी मैत्रीण घरी कँटोनीज बोलायची. आजीशी फोनवर गप्पा मारायची, जेवणाखाणाचं, देवाधर्माचं सगळं तिला यायचं. शनिवारच्या चिनी शाळेतही ती काही वर्षं गेली होती. त्यामुळे अर्जात तिने ‘कँटोनीज: अस्खलित’ लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं. पण घरातली भाषा आणि कचेरीतली भाषा यांत मोठं अंतर असतं. हाँगकाँगमध्ये औपचारिक लेखन कँटोनीजच्या बोलीप्रमाणे होत नाही, ते प्रमाण चिनीत होतं. घरी मालवणी बोलणाऱ्या मुलाला कचेरीत प्रमाण मराठीत टिपण लिहावं लागतं तसंच हे, फक्त इथे मुलाला लिपीसुद्धा धड येत नसते. मालाचा साठा, परतावा, भाडेपट्टा, पुरवठादाराशी घासाघीस, यांसाठी लागणारे शब्द आजीच्या फोनवर कधी येतच नाहीत.

आमची पहिली नेमणूक दुकानात होती. एखादं गिऱ्हाईक माझ्याकडे आलं की माझा चेहरा बघून इंग्रजीत बोलायचं, किंवा शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारायचं. मी मोडक्या कँटोनीजमध्ये दोन वाक्यं बोलले तर कौतुक व्हायचं. तेच गिऱ्हाईक माझ्या मैत्रिणीशी भरभर कँटोनीजमध्ये बोलायचं, आणि ती अडखळली की त्याचा सूर बदलायचा. दुकानाच्या पर्यवेक्षिकेने एकदा सगळ्यांसमोर तिला विचारलं, घरी शिकवलं नाही का? कामाच्या व्हॉट्सॲप गटात बोलीतल्या कँटोनीजमध्ये धडाधड निरोप यायचे, ते वाचायला तिला माझ्याइतकीच कसरत करावी लागे. पण माझ्यासाठी कुणीतरी आपणहून इंग्रजीत सार लिहायचं. तिच्यासाठी ते लिहावं लागेल हे कुणाच्या मनातही यायचं नाही. सहामाही मूल्यमापनात ‘संवादकौशल्य’ या रकान्यात मला तिच्यापेक्षा जास्त गुण मिळाले. तिला माझ्या दसपट भाषा येत होती.

मला या सगळ्या अनुभवात महत्त्वाचं वाटतं ते हेच. परक्याला जी सूट मिळते ती चिनी चेहऱ्याच्या मुलाला मिळत नाही. कंपनी त्याला परदेशी शिक्षणासाठी, इंग्रजीसाठी घेते आणि मोजते मात्र स्थानिक मापाने. यात कुणाचा दुष्टपणा असतोच असं नाही. त्या पर्यवेक्षिकेला कदाचित मनापासून वाटलं असेल की ही मुलगी आपलीच आहे. पण भोगावं लागतं ते त्या मुलीलाच.

म्हणून माझा सल्ला असा की अर्ज करण्याआधी स्वतःची परीक्षा स्वतः घ्या. हाँगकाँगचं एखादं वर्तमानपत्र उघडा आणि अर्थविषयक पानावरची बातमी मोठ्याने वाचा. एका नाराज ग्राहकाला उत्तर म्हणून अर्धं पान चिनीत टंकित करा, आणि लक्षात ठेवा, तिथे पारंपरिक लिपी चालते, चीनच्या मुख्य भूमीवरची सोपी केलेली नाही. हे जमत नसेल तर जाऊ नये असं मी म्हणत नाही. मुलाखतीतच स्पष्ट विचारावं: दुसऱ्या आणि तिसऱ्या नेमणुकीत बैठका कोणत्या भाषेत होतात? इतिवृत्त कोण लिहितं? भाषेच्या शिकवणीचा खर्च कंपनी देते का, आणि त्यासाठी वेळ देते का? गेल्या काही वर्षांत हाँगकाँगमधून अनेक स्थानिक कुटुंबं ब्रिटन-कॅनडाला गेली आणि मुख्य भूमीवरचे पदवीधर मोठ्या संख्येने आले. मँडरिनचं वजन त्यामुळे वाढलं आहे, असं माझं तिथल्या जुन्या सहकाऱ्यांशी बोलून मत झालं आहे. केवळ घरची कँटोनीज आता आणखीच अपुरी पडेल.

दुसरी बाब कराराची. आईवडिलांच्या मनात परदेशी साहेबाचा जुना थाट असतो: कंपनीचं घर, वर्षातून एकदा मायदेशी जायचं तिकीट. ट्रेनीला यातलं बहुधा काही मिळत नाही. माझा पगार वीस हजार हाँगकाँग डॉलरच्या आतच होता आणि साय यिंग पूनमधल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीतली एक खोली त्यातले आठ हजार खायची. घर घेताना दोन महिन्यांचं भाडं अनामत, एक महिन्याचं आगाऊ आणि दलालाचं अर्धा महिना, हे सारं पहिला पगार हाती येण्याआधी मोजावं लागतं. कायद्याने पहिल्या वर्षाच्या नोकरीवर फक्त सात दिवसांची भरपगारी रजा मिळते. कंपन्या सहसा त्याहून जास्त देतात, पण किती ते करारात बघावं. प्रौढांच्या कामाच्या तासांना हाँगकाँगमध्ये कायद्याची कमाल मर्यादाच नाही. चाचणी-काळाच्या पहिल्या महिन्यात कुणीही कुणालाही नोटीस न देता रामराम करू शकतं. काही करारांत मध्येच सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च परत करण्याची अट असते. ती बारीक अक्षरात असली तरी पूर्ण वाचावी.

करांचंही सांगते. दर कमी आहेत, त्यामुळे सगळे खुशीत असतात. पण आपल्याकडे टीडीएस कापला जातो तसा तिथे पगारातून कर कापला जात नाही. वर्षाअखेरीला एकदम बिल येतं, आणि त्यात मागच्या वर्षाच्या करासोबत पुढच्या वर्षाचा अंदाजे करही धरलेला असतो. ट्रेनीच्या पगारावर रक्कम फार मोठी होत नाही. तरी नेमकी चिनी नववर्षाच्या आसपास, लाल पाकिटांतून पैसे देण्या-घेण्याच्या दिवसांत, ती भरावी लागते. अमेरिकी नागरिक असाल तर जगात कुठेही कमावलंत तरी अमेरिकेत विवरणपत्र भरायचं असतं. ब्रिटनचं शैक्षणिक कर्ज डोक्यावर असेल तर देश सोडताना तिथल्या कर्जसंस्थेला कळवावं लागतं.

व्हिसा आणि नागरिकत्व याकडे तर मुलं अजिबात लक्ष देत नाहीत. चिनी आहोत, मग अडचण कसली, असं त्यांना वाटतं. माझा व्हिसा कंपनीने मिळवून दिलेला होता, म्हणजे नोकरी बदलायची तर पुन्हा इमिग्रेशन खात्याची परवानगी. मैत्रिणीच्या वडिलांकडे हाँगकाँगचं कायमचं ओळखपत्र होतं. अशा पालकांच्या परदेशात जन्मलेल्या, १८ ते ४० वयाच्या मुलांसाठी २०१५ पासून वेगळी योजना आहे, आणि तीत नोकरीची ऑफर नसली तरी अर्ज करता येतो. ती तिला कंपनीने सांगितली नव्हती. तिच्या मामाने सांगितली. तेव्हा आईवडिलांची जुनी कागदपत्रं आधी शोधा. त्यांची ओळखपत्रं, आणि तुमच्या जन्माच्या वेळी ते कुठे स्थायिक होते याचे पुरावे जपून ठेवा.

मुख्य भूमीवर जायचं असेल तर दुहेरी नागरिकत्व तिथे मान्य नाही, आणि परदेशी पासपोर्टवर कामाचा परवाना मिळवायला साधारणपणे पदवीनंतर दोन वर्षांचा अनुभव मागतात. नवख्या पदवीधराला शांघायची ऑफर आली तर परवाना कोणत्या नियमाखाली मिळणार आहे हे लेखी घ्या.

सिंगापूरबद्दल मी मुलांच्या आईवडिलांशीही बोलायचा आग्रह धरते. सिंगापुरी आईवडिलांच्या पोटी परदेशात जन्मलेला मुलगा तिथला नागरिक म्हणून नोंदवलेला असेल, तर त्याला लष्करी सेवा बंधनकारक असते. ही नोंद लहानपणी कुणीतरी करून ठेवलेली असते आणि मुलाला पत्ताही नसतो. सेवा टाळून नागरिकत्व सोडलं तर पुढे तिथे नोकरीसाठी अर्ज करताना ते आड येऊ शकतं. बावीस वर्षांच्या मुलाला हे विमानतळावर कळणं फार क्रूर आहे. आईबाबांनी आजच सांगावं.

एक गोष्ट मात्र कागदांवर सापडत नाही. मुलाखतीत सगळे विचारतात की आम्हाला काय शिकवणार. खरं विचारायला हवं ते हे: मागच्या तीन तुकड्यांतले परदेशात वाढलेले ट्रेनी आज कुठे आहेत? त्यांतल्या एखाद्याशी बोलायला मिळेल का? कार्यक्रम संपल्यावर जागा कोण ठरवतं, आणि खातेप्रमुखाने घ्यायला नकार दिला तर काय होतं? ज्या कंपनीकडे याची सरळ उत्तरं असतात ती कंपनी बरी. आमच्या वेळी हे कुणी विचारलं नाही, आणि अखेरच्या नेमणुकीची वेळ आली तेव्हा कँटोनीज कमी असलेल्या मुलांना कुठलंच खातं घेईना.

आमच्या तुकडीतला एक मुलगा मात्र टिकला. व्हँकुव्हरचा. त्याने पहिल्या महिन्यापासून रोज संध्याकाळी शिकवणी लावली आणि दुकानातल्या वयस्क कामगारांबरोबर जेवायला बसायचा. आपण तिथल्या माणसांसारखे आहोत असं त्याने कधी गृहीत धरलं नाही. नव्याने शिकायला आलो आहोत असंच तो वागला. आज तो तिथेच वरच्या हुद्द्यावर आहे. माझी मैत्रीण टोरंटोत परतली आणि तिथे तिचं उत्तम चाललं आहे. दोघांच्या बुद्धीत काडीचा फरक नव्हता.

न्यू जर्सीत वाढलेलं मराठी मूल पुण्याच्या कंपनीत रुजू होतं तेव्हा ओसीआय कार्डामुळे व्हिसाचा प्रश्न सुटतो, बाकीचं सगळं जवळजवळ हेच असतं. घरातली मराठी किती पुरेल, हे त्यांनीही आधी तपासावं.

मोठ्या समूहांचे अर्ज बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतात आणि रुजू व्हायचं असतं पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये. तुमच्या ओळखीत असं एखादं मूल असेल तर त्याला ऑफर येण्याची वाट बघू देऊ नका. आईवडिलांची कागदपत्रं या महिन्यात काढायला सांगा, आणि लेखी चिनीची शिकवणी पुढच्या आठवड्यात लावायला सांगा.