प्रतीक्षेची परिभाषा

प्रत्येक व्यवसायाची स्वतःची अशी एक भाषा असते. वकील, दलाल किंवा रेल्वेचे कर्मचारी आपापसांत बोलू लागले, की त्यांचे कितीतरी शब्द बाहेरच्या माणसाला उमगत नाहीत. अशी समूहभाषा केवळ व्यवसायातून निर्माण होते असे नाही. समान दुःखातूनही ती जन्माला येते. अपत्यप्राप्तीची वाट पाहणाऱ्या स्त्रियांची भाषा हे तिचे एक बोलके उदाहरण आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस इंटरनेटचा प्रसार झाला. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतील अशा स्त्रिया एकमेकींना लिहू लागल्या. घरात जे बोलता येत नव्हते, ते अनोळखी पण समदुःखी स्त्रीजवळ उघड करता येऊ लागले. वारंवार लागणारे शब्द आपोआप आखूड झाले. ‘टीटीसी’ म्हणजे गर्भधारणेसाठी प्रयत्न करणे. ‘डीएच’ म्हणजे प्रिय पती. ‘डीपीओ’ म्हणजे बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर उलटलेले दिवस.

स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पाळीच्या अपेक्षित दिवसापर्यंत साधारणतः दोन आठवडे जातात. या काळाला त्या ‘टूडब्ल्यूडब्ल्यू’, म्हणजे दोन आठवड्यांची प्रतीक्षा, म्हणतात. या प्रतीक्षेला शास्त्रीय कारण आहे. गर्भ गर्भाशयात रुजू लागल्यावर ‘एचसीजी’ हे संप्रेरक आईच्या शरीरात वाढू लागते आणि घरगुती चाचणी लघवीत तेच शोधते. म्हणून घाईने केलेली चाचणी गर्भ असूनही नकारार्थी येऊ शकते. होकारार्थी निकालाला ‘बीएफपी’ आणि नकारार्थी निकालाला ‘बीएफएन’ अशी नावे आहेत.

काही शब्द दुःखाची धार बोथट करतात. पाळी आली, तर ‘आँट फ्लो’ नावाची मावशी आली असे त्या लिहितात. गर्भपातानंतर जन्मलेल्या मुलाला ‘रेनबो बेबी’, म्हणजे वादळानंतरच्या इंद्रधनुष्यासारखे बाळ, म्हटले जाते. आपल्या मराठीलाही अशी आडवळणे परकी नाहीत. ‘कावळा शिवणे’, ‘दिवस जाणे’, ‘कूस उजवणे’ हे वाक्प्रचार त्याच संकोचातून आणि त्याच जिव्हाळ्यातून आलेले आहेत.

परंतु ‘वांझ’ हा शब्दही मराठीतलाच. तो बहुधा स्त्रीलाच चिकटवला गेला आणि शुभकार्यात तिला मागे सारण्यासाठी वापरला गेला. वस्तुतः गर्भधारणा न होण्याचे कारण पुरुषात, स्त्रीत किंवा दोघांतही असू शकते. कधी ते सापडतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात सुमारे सहा व्यक्तींपैकी एकीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. ‘वांझ’ हा शब्द माणसावर शिक्का मारतो. ‘बीएफएन’ हे केवळ एका चाचणीचे उत्तर सांगते. पुढच्या महिन्याची आशा त्यात शिल्लक राहते. समूहभाषेचे खरे मोल येथे आहे.

तथापि, या भाषेला मर्यादाही आहेत. नव्याने आलेल्या स्त्रीला ती परकी वाटते. मैत्रिणीचा अनुभव म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे. शब्दांमुळे गैरसमजही होतात. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जन्मलेल्या मुलीमुळे ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. पण बाळ नळीत वाढत नाही. बीजाचे फलन तेवढे शरीराबाहेर होते, गर्भ आईच्याच उदरात वाढतो. म्हणून डॉक्टरांसमोर सांकेतिक शब्द बाजूला ठेवून शेवटच्या पाळीची तारीख, प्रयत्नांचा काळ आणि घेतलेली औषधे स्पष्टपणे सांगावीत. मैत्रिणीजवळ धीर देणारी भाषा आणि डॉक्टरांजवळ नेमकी भाषा, असा विवेक भाषा वापरणाऱ्याने बाळगला पाहिजे.

विचार करा आणि लिहा

१. ‘वांझ’ आणि ‘बीएफएन’ या शब्दांतील फरक तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
२. घाईने केलेल्या चाचणीचा निकाल चुकीचा का येऊ शकतो?
३. तुमच्या व्यवसायातील किंवा परिसरातील समूहभाषेचे पाच शब्द अर्थासह लिहा.