आरोग्यसेवेचे मूल्यमापन : मोजावयाचे काय ?

रोग झाल्यावर औषध देणे एवढेच सार्वजनिक आरोग्यसेवेचे कार्य नव्हे. आहार, व्यायाम व व्यसनमुक्ती यांबाबत लोकांना साहाय्य करणे हाही तिचा भाग होय. आयुष्मान भारत कार्यक्रमाखाली २०१८ पासून उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांना आरोग्यवर्धिनी केंद्रांचे स्वरूप देण्यात येऊ लागले. तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांचा रक्तदाब व मधुमेह तपासणे, तसेच तोंडाच्या कर्करोगाची लक्षणे वेळीच ओळखणे ही कामे त्यामुळे गावापर्यंत आली.

या सेवांचे यश कशावरून ठरवावे, हा प्रश्न लातूर जिल्ह्यातील जळकोटसारख्या डोंगराळ तालुक्यात विशेष महत्त्वाचा आहे. तेथील तांड्यांवरील व वाड्यांवरील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडतात. अशा ठिकाणी शिबिरांची संख्या व वाटलेली पत्रके मोजून श्रम किती झाले ते समजते. लाभ किती झाला ते समजत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका उपकेंद्राच्या वहीत रक्तदाबाच्या २०० रुग्णांची नोंद आहे. गेल्या तीन महिन्यांत त्यांपैकी १२० जण तपासणीस आले आणि ९० जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आढळला. आलेल्यांशी तुलना केल्यास यशाचे प्रमाण ७५ टक्के भरते. नोंदलेल्या सर्वांशी तुलना केल्यास ते ४५ टक्केच राहते. दुसरा हिशेब खरा होय. न आलेले ८० रुग्ण बरे झाले म्हणून आले नाहीत, असे मानण्यास कोणताही आधार नाही. औषध मध्येच सुटल्यास पक्षाघाताचा धोका वाढतो आणि फडात कोयता चालविणारा हात कायमचा निकामी होऊ शकतो.

म्हणून मूल्यमापनात पुढील प्रश्न अवश्य विचारावेत : न आलेले रुग्ण कोण व कोठे आहेत ? स्थलांतरापूर्वी त्यांना पुरेशी औषधे व उपचाराची नोंदपत्रिका मिळाली काय ? तंबाखू सोडलेल्यांपैकी सहा महिन्यांनंतर किती जण त्यापासून दूर आहेत ? दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे, हा सल्ला स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीपर्यंत पोहोचला काय ?

हे काम केवळ वरिष्ठ कार्यालयाचे नाही. ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ मध्ये महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीस प्रारंभ झाला. पहिल्या पाच जिल्ह्यांत लातूरशेजारचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, हा जिल्हाही होता. ग्रामस्थांनी आरोग्यसेवेस हिरवा, पिवळा वा लाल रंग देऊन गावाचे प्रगतिपत्रक तयार करावे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे त्याची चर्चा व्हावी, अशी ही पद्धत होती. अक्षरओळख नसलेल्या नागरिकासही लाल रंगाचा अर्थ समजत असे.

गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने हीच दृष्टी स्वीकारणे इष्ट ठरेल. सरपंच, शिक्षक, आशा कार्यकर्ती व आरोग्यसेविका यांनी ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा व मजूर परतल्यावर एकदा वही तपासावी. रुग्णांची नावे गुप्त राखून एकूण आकडे ग्रामसभेपुढे ठेवावेत. दोष शोधून कर्मचाऱ्यास शासन करणे हा मूल्यमापनाचा हेतू नसून, वहीतून निसटलेल्या माणसास पुन्हा सेवेच्या कक्षेत आणणे हा त्याचा खरा हेतू आहे.