उपघटक 3.4 : आरमारी शब्दांचा प्रवास

प्रस्तावना

मांजरसुंब्याच्या घाटातून समुद्र दिसत नाही. तरीही ‘गलबत’, ‘आरमार’, ‘नाखवा’ हे शब्द बालाघाटातील माणसाला अनोळखी नाहीत. हे शब्द मराठीत कोठून आले आणि त्यावरून काय सिद्ध होते, याचा विचार या उपघटकात करावयाचा आहे.

3.4.1 नौका आणि युद्धपद्धती

1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी सुरू केली. गुराब ही दोन-तीन डोलकाठ्यांची, पुढच्या टोकावरून तोफा डागणारी नौका. गलबत लहान, सुमारे 40 ते 50 वल्ह्यांचे. वारा पडला की शिडांची मोठी जहाजे जागच्या जागी अडकत. तेव्हा गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीस नेत. कारण तेथे त्याच्या तोफा कमी असत.

वल्ह्यांवरील ही भिस्त प्राचीन ग्रीकांतही दिसते. इ. स. पूर्व 480 मध्ये सालामिस येथे लढलेल्या त्यांच्या नौकांवर तीन रांगांत सुमारे 170 वल्हेकरी असत आणि पुढील कांस्य टोकाने शत्रूच्या नौकेस धडक दिली जाई. नौकेला धार्मिक मानही होता. डेलोस बेटावर गेलेली पवित्र नौका परतेपर्यंत अथेन्समध्ये देहदंड देत नसत, म्हणून इ. स. पूर्व 399 मध्ये सॉक्रेटिसाचा मृत्यू लांबला.

3.4.2 वारसा आणि उसनवारी

‘आरमार’ पोर्तुगीज ‘आर्मादा’वरून आला, ‘गुराब’ अरबी असून मूळ अर्थ ‘कावळा’. ‘नाखवा’ हे फारसी ‘नाखुदा’चे रूप : नाव + खुदा, म्हणजे नावेचा धनी. आता मराठी ‘नाव’, संस्कृत ‘नौ’, फारसी ‘नाव’ आणि ग्रीक ‘नाउस’ शेजारी ठेवा. चौघांचे मूळ एकच. म्हणजे एकच धातुरूप मराठीत दोनदा आले : ‘नाव’ वारशाने, ‘नाखवा’ उसनवारीने. ‘नाखवा’ परका म्हणून वगळणारा आपल्याच शब्दाचा दूरचा आप्त घराबाहेर काढतो.

मात्र शब्द उसना म्हणून वस्तूही उसनी, असा निष्कर्ष काढू नये. पोर्तुगीज 1498 मध्ये भारतात आले. सोपाऱ्याचा सागरी व्यापार त्यापूर्वी कित्येक शतके चालू होता.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. ‘नाव’ आणि ‘नाखवा’ यांचा संबंध स्पष्ट करा.
2. तुमच्या व्यवसायातील पाच शब्द निवडा. त्यांतील वारशाचे कोणते व उसने कोणते, ते शब्दकोशाच्या साहाय्याने ठरवा.