पेठांचे पाणी

जुने पुणे एका दृष्टिक्षेपात पाहावयाचे असेल, तर सकाळच्या वेळी पर्वतीवर जावे. १०३ पायऱ्या चढून आलेला मनुष्य देवदर्शन आटोपून उत्तरेच्या तटाशी उभा राहिला, म्हणजे पुण्याच्या पेठा त्याच्या पायाशी पसरलेल्या दिसतात. उंच इमारतींच्या गर्दीत आता कौलारू वाडे शोधूनच काढावे लागतात. पलीकडे मुठा नदीची रेघ दिसते. हे झाले सर्वांच्या पाहण्यातले. परंतु मागे वळून दक्षिणेकडे पाहणारे थोडेच. तिकडे कात्रजच्या घाटाचे डोंगर आहेत. या शहराची तहान दीडशे वर्षांहून अधिक काळ ज्या पाण्याने भागविली, ते पाणी त्या डोंगरांतून आले आहे. पेठा पाहावयास निघालेल्याने त्या पाण्याच्याच मागोमाग चालावे.

कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती होय. शिवरायांचे बालपण तेथे गेले. लाल महाल तेथेच होता, आणि जिजाबाईंनी स्थापिलेला कसबा गणपती आजही ग्रामदैवत म्हणून पूजिला जातो. पुढे पेशव्यांनी पुण्यास राजधानीचे वैभव दिले. सन १७३० मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला गेला आणि गावाचे शहर होऊ लागले. जुन्या वस्त्यांना वारांची नावे मिळाली. मलकापूर होते ते रविवार पेठ झाले, वेताळ पेठेस गुरुवार पेठ म्हणू लागले. पुढे वसलेल्या पेठांना माणसांची नावे लाभली. सदाशिव पेठेचे नाव पानिपतावर सन १७६१ मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे, तर नारायण पेठेचे नाव नारायणराव पेशव्यांचे. सराफ, बोहरी, बुरूड, तांबट, कुंभार असे व्यापारी व कारागीर येऊन राहिले आणि त्यांच्या आळ्या झाल्या.

माणसे आली, पण त्यांना पाणी कोठून द्यावयाचे? नदी शहराच्या एका कडेने वाहते. पेठा तर दक्षिणेस आणि पूर्वेस, नदीपासून दूर दूर वाढत होत्या. उन्हाळ्यात नदीचे पात्र रोडावे आणि आडांचे पाणी तळाशी जाई. ही अडचण ओळखून नानासाहेब पेशव्यांनी सन १७५० च्या सुमारास कात्रजला डोंगरातील पाणी बांध घालून अडविले. तेथून शहरापर्यंत आठ-दहा किलोमीटर लांबीचा पक्का नळ जमिनीखालून बांधून आणला. आज 'नळ' म्हटले की तोटी डोळ्यांसमोर येते. हा नळ तसा नव्हे. तो चुन्यात बांधलेला बोगदाच होता. गाळ काढण्यासाठी माणूस आत उतरू शके, इतका तो मोठा होता.

या योजनेत कोणतेही यंत्र नव्हते. कात्रज उंचावर आणि शहर सखल भागात. पाणी आपल्याच ओघाने खाली येई. मात्र सबंध मार्गाला उतार अचूक धरावा लागला. उतार कमी झाला तर पाणी तुंबते, अधिक झाला तर वेगाने बांधकाम खचते. ठिकठिकाणी जमिनीवर विहिरीच्या तोंडासारखे दगडी झरोके ठेवले होते. त्यांना 'उच्छ्वास' असे सुंदर नाव आहे. त्यांतून बोगद्यातील कोंडलेली हवा बाहेर पडे आणि पाहणी करणाऱ्यास आत उतरता येई. वाटेत पाणी क्षणभर विसावे, गाळ तळाशी बसे आणि वरचे निवळ पाणी पुढे जाई. ज्या कारागिरांनी हा उतार साधला, त्यांची नावे कोणाच्या ओठी नाहीत. पेठा मात्र त्यांच्या कामावर जगल्या.

पर्वती उतरले की लगेच सारसबाग लागते. आज तेथे हिरवळ आहे. पूर्वी तेथे तळे होते. नानासाहेबांच्या काळात आंबिल ओढ्यास वळण देऊन ते केले होते. मधल्या बेटावर सन १७८४ मध्ये गणपतीचे देऊळ झाले. तळे विसाव्या शतकात बुजले, तरी जुनी माणसे त्या देवास अजून 'तळ्यातला गणपती' म्हणतात. तेथून शुक्रवार पेठेत शिरावे. कात्रजचे पाणी येथे हौदांतून लोकांच्या हाती येई. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, नाना हौद, तांबट हौद अशी त्यांची नावे. भल्या पहाटे हौदांवर घागरींचा खणखणाट सुरू होई. बातम्याही तेथेच कळत आणि भांडणेही तेथेच होत. पुढे रास्त्यांनी कोंढव्याकडून आपल्या पेठेसाठी निराळे पाणी आणले. कित्येक हौद आज बुजले आहेत. तरीही 'फडके हौदापाशी उतरवा' असे रिक्षावाल्यास सांगणाऱ्या माणसाला हौद कोठे, असे विचारले, तर तो गोंधळून जातो.

याच पेठेत मंडई आहे. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरे. सन १८८६ मध्ये मंडईची ही इमारत उभी राहिली. मध्ये अष्टकोनी मनोरा आणि भोवती आठ दिशांना पसरलेल्या पाखा, अशी तिची रचना आहे. आज तिला महात्मा फुले यांचे नाव आहे. गंमत अशी, की नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनीच या इमारतीच्या मोठ्या खर्चास विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. मंडईत गाजरे-मुळे घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असेल.

मंडईपासून तुळशीबागेतल्या राममंदिराकडे जाऊन पुढे शनिवारवाडा गाठावा. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर अणकुचीदार खिळे आहेत. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते बसविले होते. आतला वाडा सन १८२८ च्या आगीत जळाला. उरले ते तट, जोती आणि कारंज्यांचे हौद. कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे अजून पाहावयास मिळते. त्याला पाकळ्या सोळा. कात्रजचा नळ या वाड्यापर्यंत आणला होता. वाड्यातल्या कारंज्यात आणि पेठेतल्या घागरीत एकाच डोंगराचे पाणी पडत असे.

वाड्यामागे कसब्यात तांबट आळी आहे. ती डोळ्यांआधी कानांना कळते. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे घाव घालून भांड्याला चकाकणाऱ्या ठिपक्यांची नक्षी आणतात, त्या कामास 'मठारकाम' म्हणतात. येथले हंडे, घागरी, घंगाळे, बंब महाराष्ट्रभर गेले. स्टीलच्या व प्लॅस्टिकच्या भांड्यांनी हा धंदा मागे टाकला. आता थोडीच घरे तो चालवितात. जवळच कुंभारवाडा आहे. पाणी साठविण्याची दोन्ही साधने, धातूचे आणि मातीचे, एकाच पेठेत घडत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कसब्याच्या पूर्वेस नागझरी ओढा आणि पलीकडे सोमवार पेठेत तीन सोंडांचा त्रिशुंड गणपती. त्या देवळाच्या दर्शनी भिंतीवर साखळदंडाने जखडलेला गेंडाही कोरलेला आहे. गेंडा पुण्यात कोणी पाहिला असेल?

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही फुटले, आणि मुठेचा लोंढा नदीकाठच्या पेठांत घुसला. शेकडो वाडे कोसळले. पाणी ओसरले तेव्हा सगळीकडे चिखल आणि घराघरांतील नळ कोरडे. खडकवासल्याच्या पाण्यावरच तर ते चालत असत. शहरभर पूर आला आणि प्यावयास पाणी नाही, अशी विपरीत अवस्था झाली. तेव्हा घागरी पुन्हा जुन्या विहिरींकडे व हौदांकडे वळल्या. वापरात नाहीत म्हणून विसरलेल्या हौदांची त्या दिवसांत लोकांना आठवण झाली. पुढे नवे नळ सुरू झाले आणि हौद पुन्हा विस्मृतीत गेले. इमारतींचे पाये खणताना कात्रजचा बोगदा काही ठिकाणी फुटला. सांडपाणी मिसळून पाणी दूषित झाले. उच्छ्वासांपैकी काही अजून रस्त्याच्या कडेला उभे आहेत. त्यांना टेकून सायकली लावलेल्या दिसतात.

ही पाण्याची वाट गंज पेठेत संपवावी. तिला आता महात्मा फुले पेठ म्हणतात. एका गल्लीत जोतीराव व सावित्रीबाई यांचे घर आहे. याच दांपत्याने सन १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. घराच्या आवारात एक हौद आहे. तो पेशव्यांच्या हौदांएवढा भव्य नाही. परंतु पेठापेठांतून पाणी खेळत असताना, ज्यांना अस्पृश्य म्हणत त्यांना सार्वजनिक हौदावर हात लावता येत नसे. दुसरा कोणी वरून पाणी घालील तेव्हाच त्यांची घागर भरे. तोवर उन्हात ताटकळत राहावे लागे. डोंगरापासून शहरापर्यंत जो नळ बांधला, त्याच्या पाण्याने या माणसांची घरे भरत नसत. सन १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हा हौद त्यांच्यासाठी खुला केला. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा रोष पत्करून केलेले हे काम होते.

आता शाळांच्या सहली तेथे येतात. मुले हौदाभोवती गोळा होतात, काठावर हात टेकून वाकतात आणि आत डोकावतात.