भूगोल घेऊन करणार काय?

दहावीनंतर एखाद्याने भूगोल हा विषय घ्यायचा म्हटले की घरातून हमखास प्रश्न येतो, "भूगोल घेऊन करणार काय? मास्तरकी?" मास्तरकी हे काही हलके काम नव्हे. तरी भूगोलाच्या पदवीधराला आणखी कोणती कामे करता येतात हे आपण पाहू. नोकऱ्यांची यादी देण्याऐवजी लातूर जिल्ह्यातील औसा तालुकाच समोर ठेवू, म्हणजे विषय नीट उलगडेल.

पहिला प्रश्न पाण्याचा. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातूरला पोचली. तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. आता एक सोपे गणित करा. १ हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०० घनमीटर, म्हणजे ५ लाख लिटर पाणी पडते. एक हेक्टर शेतावर दोनतीन चांगल्या सरींत जे पाणी पडते, तेवढे पाणी तीनशेहून अधिक किलोमीटर लांबून रुळांवरून आणावे लागले!

अर्थात पडलेले सारे पाणी हाती लागत नाही. काहीची वाफ होते, काही मुरते, उरलेले ओढ्यांतून तेरणेला आणि पुढे मांजरेला मिळून गोदावरीत जाते. ते कोठे अडवावे? त्यासाठी आधी पाणलोट क्षेत्र आखावे लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ५०,०००ला १ या प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा असतात. त्यांच्या वळणांवरून पाण्याची वाट आणि दोन ओढ्यांमधील जलविभाजक ओळखता येतो. हे काम भूगोलाच्या विद्यार्थ्याचे. बंधाऱ्याखालचा थर मुरमाचा आहे की अखंड बेसाल्टचा, हे मात्र भूगर्भशास्त्रज्ञ सांगतो. या दोन शास्त्रांची गल्लत पुष्कळ विद्यार्थी करतात आणि मग भूजल सर्वेक्षणातील जागेसाठी अर्ज करताना निराश होतात. त्या जागांना बहुधा भूगर्भशास्त्राची पदवी लागते. हवामानखात्याचेही तसेच आहे. तेथे पदार्थविज्ञान आणि गणित यांना अधिक महत्त्व असते.

दुसरा प्रश्न औसा तालुक्याला कधीच विसरता येणार नाही असा आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदांचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला आणि हजारो लोक मृत्युमुखी पडले. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा परिसर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखवलेला होता! २००२ साली नकाशा सुधारला गेला, तेव्हा पहिला विभाग काढूनच टाकण्यात आला आणि हा भाग तिसऱ्या विभागात आला. नकाशावरील एका रंगाने घर कसे बांधायचे याचे नियम बदलतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. आता खरा भूगोल सुरू होतो. नवी जागा नदीपासून किती दूर? शेतापर्यंत किती चालावे लागेल? बैल कोठे बांधायचे, कडबा कोठे रचायचा? सरळ रस्ते आणि चौकोनी आळ्या कागदावर छान दिसतात. पण जुन्या गावात भावकी, आड आणि पार यांनी जी रचना घडवली होती ती चौकोनात बसत नाही. वस्त्यांचा भूगोल शिकलेला माणूस हे प्रश्न आधी विचारतो. नगररचना, आपत्ती व्यवस्थापन, जनगणना आणि पुनर्वसन या क्षेत्रांत त्याची गरज आहे, आणि माझ्या मते ती पुरेशी ओळखली गेलेली नाही.

तिसरे क्षेत्र दूरसंवेदनाचे. भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला. त्याच वर्षी नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोहोंची तुलना केली की पीक कोठे आहे आणि कितपत जोमदार आहे ते कळते. पण ते सोयाबीन की तूर? ऑगस्टच्या एकाच चित्रावरून हे सांगणे अवघड. औशाकडचा कोणताही मुलगा मात्र सांगेल की सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते आणि तूर पुढे पौषापर्यंत उभी असते. तेव्हा ऑक्टोबरची आणि डिसेंबरची चित्रे शेजारी ठेवावीत. दुसऱ्यातही जे हिरवे ते तुरीचे असण्याचा संभव अधिक. मग गावोगाव जाऊन पडताळणी करावयाची. संगणकावर बसणाऱ्याला बांधावरचे हे ज्ञान असेल तर त्याचा नकाशा चुकण्याचा संभव कमी.

अशा कामासाठी भूगोलाच्या पदवीनंतर भौगोलिक माहिती प्रणालीचे शिक्षण घ्यावे लागते. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था त्यासाठी प्रसिद्ध असून तिचे काही अभ्यासक्रम घरबसल्याही करता येतात. नकाशे काढण्याचीच आवड असेल तर १९५६ साली स्थापन झालेली कोलकात्याची राष्ट्रीय मानचित्र संस्था आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत भूगोल हा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, हे तर बहुतेकांना ठाऊक असते.

अकरावीला शाखा निवडण्यापूर्वी एक गोष्ट पाहून घ्या. भूगोलाची पदवी कला शाखेतून मिळते, तशीच काही महाविद्यालयांत विज्ञान शाखेतूनही मिळते. परंतु विज्ञानाच्या पदवीसाठी सामान्यतः बारावी विज्ञान लागते. कला शाखेतून जाणाऱ्यांनी संख्याशास्त्र सोडू नये. नकाशात भरायचे ते आकडेच असतात, आणि सरासरी पाऊस व प्रत्यक्ष पाऊस यांतील फरक ज्याला मांडता येत नाही, त्याला पाणलोटाचा आराखडा कोणी करायला देणार नाही.