टाळेबंदीनंतरचा बाजार : लखनौच्या चिकनकारीचे उदाहरण

साथीच्या काळात बाजार बंद करावयाचा झाल्यास शासनाला एक आदेश पुरतो. तोच बाजार पुन्हा सुरू व्हावयाचा तर अनेक गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. २०२० साली करोनाच्या साथीमुळे देशभर जी टाळेबंदी झाली, तिच्यानंतरच्या महिन्यांत प्रत्येक राज्याला याचा अनुभव आला. महाराष्ट्राने जून २०२० मध्ये या पुनरारंभाला ‘पुनश्च हरिओम’ असे नाव दिले होते. उत्तर प्रदेशातही याच सुमारास व्यवहार टप्प्याटप्प्याने मोकळे होत होते. या राज्याच्या राजधानीत, लखनौत, दुकाने केव्हा उघडली आणि व्यवसाय केव्हा सुरू झाला, हे दोन प्रश्न वेगवेगळे का मानावे लागतात, याचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे. त्यासाठी त्या शहराची ओळख बनलेला चिकनकारीचा धंदा आपण उदाहरणादाखल घेऊ.

बंदी आणि शिथिलता : घटनाक्रम

२२ मार्च २०२० रोजी जनता संचारबंदी पाळण्यात आली. दुसऱ्याच दिवसापासून उत्तर प्रदेश शासनाने लखनौसह काही जिल्ह्यांत टाळेबंदी लागू केली आणि २५ मार्चपासून ती सर्व देशात सुरू झाली. प्रारंभी २१ दिवसांची असलेली ही मुदत ३ मे, १७ मे आणि अखेर ३१ मेपर्यंत वाढत गेली. मे महिन्याच्या आरंभी केंद्र शासनाने देशातील जिल्ह्यांची लाल, नारिंगी व हिरव्या विभागांत वाटणी केली. त्यात लखनौचा समावेश लाल विभागात झाला.

या वर्गवारीचा व्यवहारातील अर्थ समजून घेतला पाहिजे. लाल विभागातील शहरांत सुटे, एकटे असलेले दुकान किंवा वसाहतीतील दुकान उघडण्यास परवानगी होती. जीवनावश्यक वस्तूंखेरीज अन्य मालाच्या बाजारपेठा व व्यापारी संकुले मात्र बंदच राहावयाची होती. सायकलरिक्षा, ऑटोरिक्षा आणि जिल्ह्याजिल्ह्यांमधील बसगाड्या यांनाही मनाई होती. लखनौतील चौक आणि अमीनाबाद येथील व्यापार दाटीवाटीच्या बाजारपेठांत चालतो. नव्या वसाहतीतील एकटा दुकानदार ज्या नियमाने सुटला, त्याच नियमाने जुन्या शहरातील दुकानदार अडकला. पुढे १ जूनपासून निर्बंध उठविण्याचा पहिला टप्पा सुरू झाला. ८ जूनपासून मॉल, उपाहारगृहे व प्रार्थनास्थळे यांना परवानगी मिळाली आणि ७ सप्टेंबर रोजी लखनौची मेट्रो पुन्हा धावू लागली.

एका कुर्त्याचा प्रवास

चिकनकारी म्हणजे तलम कापडावरील नाजूक भरतकाम. त्यात पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने केलेले काम विशेष नावाजलेले आहे. २००८ साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. दुकानात टांगलेला कुर्ता एकाच कारखान्यात तयार होत असेल अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो अनेक हातांतून फिरून आलेला असतो. प्रथम कापड बेतले जाते. नंतर छपाईवाला लाकडी ठशांनी त्यावर धुतल्यावर निघून जाणाऱ्या रंगात, बहुधा निळीत, वेलबुट्टी उमटवितो. मग ती कापडे मध्यस्थामार्फत शहरातील मोहल्ल्यांत व भोवतालच्या गावांत बायकांच्या घरी पोहोचतात. तेपची, बखिया, मुर्री, फंदा, जाळी असे टाके त्या घरीच घालतात. त्यांना मजुरी मिळते ती नगावर. भरलेले कापड परतले की ते धोब्याकडे जाते. तेथे निळीची खूण धुऊन निघते, कापडावर खळ आणि इस्त्री चढते, आणि मगच ते दुकानात येते.

या साखळीतील कोणताही एक दुवा तुटला की पुढील सर्वांचे काम थांबते. छपाई झाली नाही तर भरावयास कापड नाही. गाठोडे घेऊन जाणारा मध्यस्थ गावात पोहोचला नाही तर छापलेले कापड पडून राहते. धोबीघाट बंद असेल तर भरलेला माल विक्रीयोग्य होत नाही. टाळेबंदी एका क्षणी या सर्व दुव्यांवर आली. ती उठली मात्र प्रत्येक दुव्यासाठी वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या अटींवर.

प्रतिबंधित क्षेत्राचा यात मोठा वाटा होता. मे २०२० मधील राज्याच्या नियमांनुसार शहरात एक रुग्ण आढळल्यास २५० मीटर त्रिज्येचा परिसर अथवा संपूर्ण मोहल्ला, यांपैकी जे लहान असेल ते क्षेत्र बंद करावयाचे होते. रुंद रस्त्यांच्या वसाहतीत एवढ्या परिसरात काही घरे येतील. जुन्या लखनौच्या गल्ल्यांत तेवढ्याच अंतरात घरे, दुकाने व कारागिरांच्या कार्यशाळा दाटीने वसलेल्या असतात. अशा स्थितीत दुकानाला परवानगी असून छपाईवाल्याचा मोहल्ला बंद, असा प्रसंग उद्भवू शकतो. आरोग्याच्या दृष्टीने या नियमामागील हेतू रास्त होता, कारण दाट वस्तीत साथ वेगाने पसरते. तथापि त्याचा आर्थिक भार सर्वांवर सारखा पडला नाही, हेही नोंदविले पाहिजे.

हंगाम आणि खेळते भांडवल

तलम सुती कपड्याला मागणी असते ती उन्हाळ्यात. त्यातच २०२० साली रमजान एप्रिलच्या अखेरीस सुरू होऊन ईद २५ मे रोजी आली. म्हणजे वर्षाच्या कमाईचे दिवस नेमके टाळेबंदीत गेले. या हंगामासाठी लागणारा माल व्यापारी आधीच्या महिन्यांत तयार करून घेतो. त्यात त्याचे खेळते भांडवल गुंतलेले असते. विक्री न झाल्याने ते भांडवल कापडाच्या घडीतच अडकून पडले. अशा व्यापाऱ्याने जूनमध्ये दुकान उघडल्यावर प्रथम साचलेला माल खपविणे आणि जुनी देणी भागविणे स्वाभाविक होय. नवे कापड छपाईला जाते ते त्यानंतर, आणि भरतकाम करणारीच्या हाती सुई येते ती त्याहूनही उशिरा. बाजार उघडल्याची वार्ता तिच्या घरी सर्वांत शेवटी पोहोचते.

साहाय्याच्या योजनाही याच कसोटीवर तपासून पाहाव्या. रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा मार्चपासून ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत दिली. मे महिन्यात केंद्राने जाहीर केलेल्या ३ लाख कोटी रुपयांच्या हमी योजनेत लहान उद्योगांना त्यांच्या थकीत नव्हे, तर २९ फेब्रुवारीस चालू असलेल्या कर्जबाकीच्या २० टक्क्यांपर्यंत जादा कर्ज मिळणार होते. १ जूनच्या सुमारास फेरीवाल्यांसाठी १०,००० रुपयांच्या कर्जाची योजना आली. आता घरबसल्या भरतकाम करणाऱ्या स्त्रीचा विचार करू. तिच्या नावावर बँकेचे कर्ज नसेल तर हप्त्याची सवलत आणि जादा कर्ज या दोहोंचा तिला उपयोग नाही. ती फेरीवाली नसल्यामुळे तिसरी योजनाही तिची नव्हे. जनधन खाते असल्यास एप्रिल ते जून दरमहा ५०० रुपये, म्हणजे एकूण १,५०० रुपये आणि शिधा, एवढाच आधार उरतो. परवानगीचे आदेश दुकाने, कारखाने व कार्यालये यांच्या नावे निघतात. जिचे घर हाच कारखाना, तिचा त्यात उल्लेख नसतो.

पुन्हा बंद, पुन्हा सुरू

पुनरारंभाचा मार्ग सरळ नसतो. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अमेरिकेतील सेंट लुईस शहराने नोव्हेंबरच्या मध्यास निर्बंध सैल केले आणि रुग्ण वाढताच ते पुन्हा लागू केले. उत्तर प्रदेशातही जुलै २०२० पासून शनिवार-रविवार बाजार बंद ठेवण्यात येऊ लागले. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ च्या अखेरीस, निर्बंध सलग झाले.

या वेळी ते उठविताना शासनाने एक स्पष्ट निकष ठेवला. ज्या जिल्ह्यात उपचाराधीन रुग्ण ६०० हून कमी, तेथे १ जून २०२१ पासून आठवड्यातील पाच दिवस सकाळी ७ ते सायंकाळी ७ दुकाने उघडावीत. लखनौ या मर्यादेत बसत नव्हते. तेथील बाजार ९ जूनपासून खुले झाले. २०११ च्या जनगणनेनुसार महोबा जिल्ह्याची लोकसंख्या ९ लाखांहून कमी, तर लखनौची सुमारे ४६ लाख. दोहोंना एकच आकडा लावल्यास मोठ्या जिल्ह्याला कसोटी अधिक कठीण जाते. परंतु या निकषाचा एक मोठा गुण होता: तो सर्वांना आधी ठाऊक होता. आपला जिल्हा ६०० पासून किती दूर आहे हे व्यापारी आणि कारागीर रोज पाहू शकत होते, आणि त्यानुसार मालाची व मजुरीची तजवीज करू शकत होते.

यावरून राज्यकर्त्यांनी आणि नागरिकांनीही ध्यानात ठेवावी अशी गोष्ट हाती लागते. साथीनंतर एखादा व्यवसाय सुरू करावयाचा तर त्याची सुरुवात दुकानापासून न मोजता कच्च्या मालापासून मोजावी. त्यातील प्रत्येक हाताची यादी करावी, ते हात कोठे राहतात हे पाहावे, आणि ज्यांच्याकडे परवानाही नाही व कर्जही नाही, अशांपर्यंत मजुरी पोहोचविण्याची सोय आधी करावी. चौकातील दुकानात दिवा लागला म्हणजे लखनौचा धंदा सुरू झाला असे समजू नये. भोवतालच्या गावात कोणा स्त्रीच्या घरी छापलेल्या कापडाचे नवे गाठोडे आले आणि मागील कामाची मजुरी तिच्या हाती पडली, म्हणजे तो सुरू झाला.