‘माझं कार्ड चालेल का?’

नेटवर्क ड्रायव्हरची मॅन पेजेस लिहिता-दुरुस्त करता हाती लागलेल्या काही गोष्टी.

१. वाचणाऱ्याला ड्रायव्हरची कुळकथा नको असते. आपलं कार्ड चालेल का, एवढंच हवं असतं. फ्रीबीएसडीच्या मॅन पेजमध्ये त्यासाठी ‘हार्डवेअर’ हा वेगळा विभागच असतो. तो आधी लिहावा.

२. खोक्यावरच्या नावावर जाऊ नये. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा यूएसबी वायफाय अडॅप्टर घ्या. पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची एआर९२७१ चिप, दुसरीत थेट रिअलटेकची. नाव तेच, ड्रायव्हर निराळा. यादीत चिपचं नाव हवं आणि स्टिकरवरचा आवृत्तीचा आकडाही.

३. पीसीआय आयडी जरूर द्यावा. (इंटेलचा व्हेंडर आयडी ८०८६ आहे, हा योगायोग असेल असं मला वाटत नाही.) पण आयडी दिला म्हणजे काम संपलं असंही नाही. रिअलटेकचा १०ईसी:८१६८ हा एकच आयडी चिपच्या कितीतरी पिढ्यांवर सापडतो. लिनक्सचा आर८१६९ ड्रायव्हर म्हणूनच चिपमधून एक्सआयडी हा तिचा ओळख-आकडा वाचतो, तो कर्नल लॉगमध्ये छापतो आणि ओळख पटली नाही तर सरळ हात वर करतो. ती ओळ लॉगमध्ये कुठे बघायची, हे सांगणं डॉक्युमेंटेशनचं काम. बहुतेक ठिकाणी नेमकं तेच गाळलेलं असतं.

४. ड्रायव्हरच्या नावावरून वाचणारा अंदाज बांधणारच. याच आर८१६९मध्ये कर्नल ५.४पासून अडीच गिगाबिटची आरटीएल८१२५ही आली. इंटेलचा ई१००० जुन्या पीसीआय आणि पीसीआय-एक्स कार्डांसाठी, तर ई१०००ई पीसीआय एक्सप्रेससाठी. हे पहिल्याच परिच्छेदात आलं पाहिजे.

५. नुसतं ‘सपोर्टेड’ लिहून भागत नाही. कोणत्या कर्नलपासून? वेक-ऑन-लॅन चालतं का? आणि फर्मवेअर? इंटेलच्या वायफाय कार्डांना आयडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हरखेरीज फर्मवेअरची वेगळी फाइल लागते. नव्या मशीनवर ती नसेल तर ती उतरवायला नेट हवं, आणि नेटसाठी तीच फाइल हवी. लॅनची केबल किंवा पेनड्राइव्ह जवळ ठेवा, ही एक ओळ माणसाची अख्खी संध्याकाळ वाचवते.

६. ‘आणि इतर सुसंगत कार्डे’ हे शब्द दिसले की मी खोडतो. तपासलेलं नसेल तर ‘तपासलेलं नाही’ असं लिहितो. कार्ड अजून दुकानातच असेल, तर घेणाऱ्याला तेवढंही पुरतं.